पेन्सिलने लिहिलेली फांदी

माधवभाऊ गेल्याचा फोन सकाळी सव्वाअकराला आला. मी भाजी निवडत होते. फोन वत्सलावहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. मी विचारलं, किती वाजता गेला, कोणत्या वॉर्डात होता, डॉक्टर कोण, जवळ कोण होतं. वहिनी एकेक उत्तर देत गेली. मग थांबली आणि म्हणाली, "बाई, तू बातमी लिहून राह्यली का?"... लिहीतच होते. भाजीखाली पसरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला मी वेळ टिपून ठेवली होती, नऊ वाजून पन्नास मिनिटं. एकतीस वर्षं चंद्रपुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली बरीच वर्षं निधनवार्ता माझ्याकडे होत्या. हात आपोआप चालतो. फोन ठेवल्यावर मी उरलेली भाजी निवडून घेतली आणि मग साडी बदलली.

माधव माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव सोनेगाव, झाडीपट्टीतलं, तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणारं. तिथून तो ऊर्जानगरला आला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. दर तासाला मीटर पाहायचे आणि आकडा लॉगशीटवर चढवायचा, हे काम त्याने नोकरीभर केलं. काही कारणाने आकडा घेता आला नाही तर तो आडवी रेघ मारायचा आणि शेजारी कारण लिहायचा. अंदाजाने आकडा भरणाऱ्यांशी त्याचं कधी जमलं नाही. घरात तो फारसा बोलका नव्हता. ड्यूटी, जेवण, झोप आणि रविवारी सायकलवर बाजार, असा त्याचा क्रम होता.

वंशावळीचं वेड त्याला वडिलांच्या तेराव्याला लागलं. विधी सांगणाऱ्याने तीन पिढ्यांची नावं विचारली. पुरुषांची सांगून झाली. आजीचं नाव विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. जिच्या हातचं खाऊन सगळे मोठे झाले, तिला घरात 'माय' म्हणत आणि गावात कोणाची तरी आई म्हणत. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. माधवभाऊने ती जागा आडवी रेघ मारून सोडावी तशी सोडली, पण त्याच्या डोक्यातून ती गेली नाही. दोन महिन्यांनी आजीच्या माहेरच्या गावी जाऊन त्याने एका म्हातारीकडून नाव काढलं. गंगू. त्यानंतर तो थांबला नाही.

रद्द झालेल्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजू त्याने कणकेच्या खळीने एकमेकींना चिकटवल्या. त्या लांब पट्ट्यावर वंशावळ वाढत गेली. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आणि पुढे चंद्रपुरातल्या घरातही ती पुढच्या खोलीच्या भिंतीवर असे. खिडकीतून येणारी वीज केंद्राची राख तिच्यावर बसायची, ती तो रोज सकाळी कोरड्या फडक्याने झटकायचा. त्याचा एक नियम होता. कागदावर सापडलेलं नाव शाईने लिहायचं, तोंडी कळलेलं पेन्सिलने. तोंडी कळलेल्याला कागदाचा किंवा दुसऱ्या माणसाचा आधार मिळाला की पेन्सिलवरून शाई फिरवायची. वहिनी त्याला 'मेलेल्यांचा तलाठी' म्हणायची. "जित्या माणसाले एक फोन नाई लावत. मेलेले बोलावते तं बस सुटाच्या आधी स्टँडवर हजर." तो हसायचा आणि थैलीत डबा ठेवायचा.

त्याची काम करण्याची एक रीत मला तेव्हाही विशेष वाटली होती. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर आंबा, आणि ज्यांच्यासाठी पाणी ठेवायचं त्यांचं नाव मोठ्याने घ्यायचं. माधवभाऊचं म्हणणं असं, की मेलेल्यांची नावं घरात मोठ्याने उच्चारली जातात असा वर्षात हा एकच दिवस. म्हणून दर वर्षी त्या दिवशी तो एखाद्या दूरच्या नातेवाइकाकडे जाऊन बसायचा आणि घेतलं गेलेलं प्रत्येक नाव वहीत उतरवायचा. जी नावं कुठल्या कागदात नव्हती, ती त्याला अशी मिळाली. एका वर्षी मी त्याच्यासोबत गेले होते. घागर भरणाऱ्या बाईने सहा नावं घेतली, थांबली, आणि सातवं हळूच घेतलं. माधवभाऊ म्हणाला, "बाई, ते सातवं पुन्हा घे ना." ती बाई लाजली आणि तिने पुन्हा घेतलं. कोवळेपणी गेलेली तिची जाऊ होती.

आता भागरताबद्दल. आमचे पणजोबा गोमाजी. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मुलगी लहान वयात गेली, असंही सगळे म्हणत. पूर्वी गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल आपल्या बुकात नोंदवायचा. तहसिलीच्या अभिलेख कक्षात माधवभाऊला ते बुक पाहायला मिळालं. त्यात नोंद होती : भागरता, गोमाजीची मुलगी, वय सोळा, मयत, कारण ताप. त्याने नाव, वय आणि कारण शाईने लिहिलं, आणि फांदी तिथे संपवली. नऊ वर्षं ती तशीच राहिली.

दर उन्हाळ्यात तो आमच्या दैनिकात चार ओळींची एक सूचना द्यायचा. सोनेगावच्या गोमाजींच्या घराण्यातलं कोणी बाहेरगावी असल्यास कळवावं, अशा अर्थाची. आमच्या ऑफिसात ती विनोदाचा विषय होती. दोन वर्षांपूर्वी त्या सूचनेला उत्तर आलं. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षकाने कळवलं, की आपण ज्या गावात शिकवतो तिथलं एक माडिया आदिवासी कुटुंब उन्हाळ्यात एक दिवस मोहाच्या झाडाखाली दोन नव्या घागरी भरून ठेवतं. त्या गावात दुसरं कोणी असं करत नाही. आणि त्या वेळी घरातला माणूस, ज्याला मराठी बेताचंच येतं, मराठीत म्हणतो, "सोनेगावचे बाबा गोमाजी, पानी घ्या."

माधवभाऊ आठवड्याच्या आत एटापल्लीला गेला. तिथून पुढे शिक्षकाच्या मोटरसायकलवर. घर मासा नावाच्या साठीच्या माणसाचं होतं. त्याची मुलगी सन्नी अंगणवाडीत काम करते, ती दोघांमध्ये दुभाषी झाली. मासाची आजी घागर भरायची, म्हणून मासाचा बाप भरायचा, म्हणून मासा भरतो. आजीचं नाव भागरता. ती बाहेरून आलेली होती, 'झाडीकडून', एवढं त्याला माहीत होतं. गोमाजी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. आजी नाव घेत होती, म्हणून तोही घेत होता. निघताना मासाने माधवभाऊला एकच गोष्ट विचारली. "आमचं नाव लिहिलं का?"

परत आल्यावर तो थेट माझ्याकडे आला. इतका बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भागरता सोळाव्या वर्षी मेलीच नव्हती, तिला मुलगा होता, नातू आहे, पणती अंगणवाडीत आहे, अख्खी फांदी आहे. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, सोनेगाव नावाची गावं विदर्भात कितीतरी असतील. गोमाजी तर घरोघर होते. सांगणारा एकच आहे, आणि कोतवालाचा कागद त्याच्या विरोधात आहे. एका माणसाच्या सांगण्यावर आम्ही दोन ओळींची बातमीसुद्धा छापत नाही." त्याने वही मिटली. "बरोबर हाय तुह्यं," म्हणाला. माझं बोलणं त्याच्याच नियमाचं होतं, म्हणून त्याला ते नाकारता आलं नाही. भागरताच्या शाईतल्या नोंदीखाली त्याने पेन्सिलने बारीक रेघ काढली आणि तिच्या टोकाला मुलगा, नातू, पणती अशी नावं लिहिली. शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. ते प्रश्नचिन्ह माझं होतं.

त्यानंतर तो दुसरा आधार शोधत राहिला. सोनेगावला आमचे धाकटे काका असतात, पंचाऐंशीच्या पुढचे, घराण्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना वंशावळीचा कंटाळा होता. "पानं मोजून आंबे लागते का रे?" असं ते माधवभाऊला विचारायचे. त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारलं, "काका, भागरता आत्या कवा मेली?" काका म्हणाले, "माह्या जलमाच्या आधी." म्हणजे कोतवालाचं खरं ठरत होतं. मग तो वनखात्याच्या जुन्या कागदांच्या मागे लागला, जुन्या मतदार याद्या पाहिल्या. ज्या यादीत ती सापडण्याची शक्यता होती, तिथे त्या घरातली बाई नवऱ्याच्या नावाने लिहिलेली होती, अमक्याची बायको म्हणून. दरम्यान तो मासाकडे आणखी दोनदा जाऊन आला. सन्नीचा फोन अधूनमधून यायचा. ती त्याला काका म्हणायची. बाप शेजारून काहीतरी म्हणायचा, मग ती विचारायची, "काका, बाबा विचारून राह्यले, नाव लिहिलं का?" माधवभाऊ सांगायचा, "लिहिलं हाय. पेन्सिलनं." पेन्सिल म्हणजे काय हे त्याने त्यांना समजावून सांगितलं होतं, असं वहिनी म्हणते.

त्याचं हृदय गेल्या पावसाळ्यापासून कमजोर झालं होतं. होळीनंतर मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, समोर वंशावळ. जिना चढायची मनाई होती, एटापल्लीचं तर नावच नको. वहिनी चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाला, "बाई, आता तरी शाई फिरवू का वो?" त्याने मला विचारायची काही गरज नव्हती. वंशावळ त्याची, पेन त्याचं. पण त्याने विचारलं. मी म्हणाले, "एखादा कागद मिळू दे ना भाऊ. घाई कशाची?" तो हसला. "माही बातमी तरी लवकर छापजो. नाई तं दोन सोर्स पाहिजे म्हनशील." वहिनीने आतून विचारलं, काय झालं हसायला. काही नाही, असं आम्ही दोघांनी सांगितलं. ती आमची शेवटची भेट.

त्याच्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. डेस्कवरच्या एका नव्या मुलीने लिहिली. त्यात चूक नव्हती.

तेरवी चंद्रपुरात घरासमोरच मांडव घालून झाली. वहिनीने सन्नीला फोन केला होता, ते मला माहीत नव्हतं. मासा आणि सन्नी पहाटेच्या एसटीने एटापल्लीहून निघाले आणि आष्टीला गाडी बदलून दुपारी पोचले. पळसाच्या पानांत बांधलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, त्यांनी वहिनीच्या हातात दिली आणि मांडवाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले. वहिनीने हाताला धरून सन्नीला पंगतीत आणलं. "तुमचं इथीच पान हाय," म्हणाली. ते पान योगायोगाने धाकट्या काकांच्या खुर्चीसमोर होतं. गुडघ्यांमुळे काका खाली बसत नाहीत, त्यांचं ताट स्टुलावर होतं. त्यांनी सन्नीला निरखलं.

"कोनाची वो तू?"

"भागरताच्या नातवाची," सन्नी म्हणाली. "हे माझे बाबा, मासा. भागरता यांची आजी."

"कोनती भागरता?"

"सोनेगावची. गोमाजीची."

काकांचा हात ताटावर थांबला. आजूबाजूचे लोक जेवत होते, वाढपी वरण घेऊन फिरत होता. काकांनी मासाकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हातारी झालती का ते?"

सन्नीने बापाला माडियात विचारलं. मासा काकांकडे पाहत मराठीत म्हणाला, "लय म्हातारी. दात नव्हते."

काकांनी मान हलवली. मग ते बोलू लागले. कोणा एकाला उद्देशून नव्हे, ताटाकडे पाहत. गोमाजी हिवाळ्यात बैलबंड्या घेऊन आलापल्लीकडे सागवान ओढायला जायचे. दोन-दोन महिने जंगलात मुक्काम. एका वर्षी स्वयंपाकाला भागरताला सोबत नेलं. "बंड्या वापस आल्या. पोरगी नाई आली. तिकडच्याच एका पोरासंग राह्यली. बाप आनाले गेला तं मने, मी नाई येत." गोमाजी परतले आणि घरी सांगितलं, की ती मेली. तेराव्या दिवशी गावाला जेवण घातलं. "माह्या मायनं वाढलं त्या पंगतीत. कोतवालबी होता. जेवला आन् घरी जाऊन बुकात लिहून टाकलं. ताप मने."

वहिनी हातात पाण्याचा जग घेऊन उभी होती. "मामाजी, तुमाले माहीत होतं, तं ह्यायले सांगतलं काऊन नाई?"

"त्यानं इचारलं, कवा मेली. मी सांगतलं," काका म्हणाले. "तेरवी झाली मंजे मेली. जिती होती का, असं कोनी इचारलंच नाई."

काका मासाला म्हणाले, "जेव बापा. भात थंडा होते." मासा जेवू लागला. काकाही जेवू लागले.

मी हे जसं घडलं तसं लिहिते आहे. माधवभाऊ दोन वर्षं जो दुसरा माणूस शोधत होता, तो आमच्याच घरात होता, आणि त्याला उलटा प्रश्न विचारायला हवा होता. माधवभाऊ प्रश्न विचारण्यात तरबेज नव्हता, त्याचं आयुष्य आकडे वाचण्यात गेलं. प्रश्न विचारणं हे माझं काम होतं. सोनेगाव चंद्रपुरापासून दोन तासांवर आहे. त्या दोन वर्षांत मी तिथे चारदा गेले, दोन लग्नांना, एका बारशाला आणि एकदा आंबे आणायला. काकांच्या शेजारी बसून आंबे खाल्ले... मला यावर रडू आलेलं नाही. येईल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या पट्ट्यात मासाच्या फांदीवर शाई फिरवली, 'ताप' हा शब्द एका रेघेने खोडला आणि खाली कोणी काय सांगितलं ते लिहिलं. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. "झालं?" तिने विचारलं. मी म्हणाले, झालं. ती परत स्वयंपाकघरात गेली. अक्षर माझं आहे, ते वेगळं दिसतं.

तेंदूपानांचा हंगाम आटोपत आला तेव्हा सन्नीचा फोन आला. बाबांनी बोलावलंय, म्हणाली. कशाला ते सांगितलं नाही. मी एटापल्लीला गेले, पुढे तिच्याच स्कूटीवर. मासा मोहाखाली बाजेवर बसला होता. त्याने पाणी दिलं आणि मग चालायला लागला, आम्ही दोघी मागे. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, माडिया लोक आपल्या मेलेल्यांचे दगड उभे करतात. काही कमरेइतके, काही गुडघ्याएवढे, ओळीने रोवलेले. कुठल्याच दगडावर अक्षर नाही. मासा एकेका दगडापुढे थांबून सांगत गेला. हा आजा. त्याच्या शेजारी भागरता. हा बाप. ही मोठी बहीण. भागरताचा दगड खालून रुंद आणि वर निमुळता, एका बाजूला शेवाळ वाळून काळं पडलेलं होतं. मी विचारलं, ती कधी गेली. सवयीने विचारलं. मासाने थोडा विचार केला आणि सन्नीला सांगितलं. सन्नी म्हणाली, "मोहफुलं पडत होती तेव्हा. वर्ष नाई माहीत."

ओळीच्या शेवटी एक नवा दगड होता, गुडघ्याच्या थोडा वर. त्याच्या बुडाशी माती अजून भुसभुशीत होती.

"हा तुमचा भाऊ," मासा म्हणाला.

मी म्हणाले, तो इथे कसा? तो इथला नव्हता.

सन्नीने सांगायच्या आधीच मासाने उत्तर दिलं. "तीन वेळा आला. जेवला. झोपला. आमचं नाव नेलं. मग कुठी ठेवायचं त्याले?"

त्याने दगडाला हात लावून पाहिला. दगड किंचित कलला होता. गुरं जाता-येता अंग घासतात, म्हणून हलतो, असं त्याने सन्नीला सांगितलं. मग आजूबाजूला शोधून एक चपटी खापरी उचलून आणली आणि मला म्हणाला, "धरा." मी दोन्ही हातांनी दगड सरळ धरला. उन्हाने तो चांगलाच तापला होता. मासाने खाली बसून खापरी बुडाशी ठोकली, माती लोटली, उठून चहूबाजूंनी पायाने दाबली, पुन्हा वाकून पाहिलं.

"सोडा आता," तो म्हणाला.

मी हात काढले. दगड उभा राहिला.